मंडळाच्या करिअर सेशनमध्ये कम्युनिटी कॉलेजच्या अलाइड हेल्थचं गणितही मांडा: एक खुलं पत्र

प्रति,
उत्तर अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांच्या कार्यकारिणी, युवा समित्या, आणि सध्या घरात मुलांच्या कॉलेजची चर्चा चालू असलेले सगळे आई-बाबा

सप्रेम नमस्कार मंडळी,

आपल्या बऱ्याच मंडळांत हायस्कूलच्या मुलांसाठी करिअर गायडन्सचं सेशन होतं. लोक स्वतःचा वीकेंड घालवून येतात, मनापासून बोलतात, मुलांना फायदाही होतो, त्यामुळे त्याला नावं ठेवायला हे पत्र लिहीत नाहीये. पण स्टेजवर दरवर्षी तेच असतं, सॉफ्टवेअर, मेडिसिन, फायनान्स, आणि मोठ्या युनिव्हर्सिटीत अ‍ॅडमिशन मिळालेली दोन-तीन मुलं. समोर बसलेल्यांपैकी बरीच मुलं यातल्या कशातच बसत नाहीत आणि त्यांच्यासाठी त्या दुपारी एक वाक्यही बोललं जात नाही. माझी मागणी एवढीच आहे की पुढच्या सेशनमध्ये कम्युनिटी कॉलेजच्या (म्हणजे आपल्या भागातलं दोन वर्षांच्या डिग्रीचं सरकारी कॉलेज) अलाइड हेल्थ डिग्र्यांना (डॉक्टर-नर्स सोडून एक्स-रे, सोनोग्राफी, दातांची सफाई अशी हॉस्पिटल-दवाखान्यातली कामं) एक स्लॉट द्या, आणि तो कौतुकाचा नको, हिशेबाचा द्या, म्हणजे डिग्रीनंतर कमाई किती, त्यासाठी कर्ज किती, आणि ते कर्ज त्या कमाईला झेपतं का.

मी न्यू जर्सीतल्या एका हॉस्पिटलमध्ये एक्स-रे आणि सीटी करते. एच-फोरवर (एच-वन-बी वर काम करणाऱ्याच्या जोडीदाराचा आणि मुलांचा व्हिसा) आले होते, ग्रीन कार्ड झाल्यावर कम्युनिटी कॉलेजमधून रेडिओग्राफीची, म्हणजे एक्स-रे काढण्याची, असोसिएट (दोन वर्षांची) डिग्री केली. त्यामुळे ओळखीतून फोन येतात, कधी एखाद्या काकूंचा मुलासाठी, कधी पुण्याहून नुकत्याच आलेल्या एखाद्या मुलीचा स्वतःसाठी, आणि जवळजवळ प्रत्येक फोनचा पहिला प्रश्न एकच, "ताई, अलाइड हेल्थला पगार किती मिळतो हो?" या प्रश्नाचं एका आकड्यात उत्तर नाहीये आणि जो एक आकडा लोक कुठूनतरी शोधून आणतात तोच त्यांना चुकीच्या ठिकाणी नेतो. म्हणून आज सविस्तर लिहिते.

आधी कमाई. ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्स म्हणजे बीएलएस, सरकारी खातं, त्यांचे मे २०२४ चे मधले वार्षिक पगार बघा (मधला म्हणजे निम्म्यांना त्याच्यापेक्षा जास्त, निम्म्यांना कमी). डेंटल हायजिनिस्ट (दातांची सफाई करणारे) साधारण ९४ हजार डॉलर, सोनोग्राफर ८९ हजार, रेस्पिरेटरी थेरपिस्ट (श्वासाचे उपचार करणारे) ८० हजार, आमचे एक्स-रे वाले ७७ हजारांच्या आसपास, फिजिकल थेरपिस्ट असिस्टंट ६५ हजार, पॅरामेडिक ५८ हजार, आणि मेडिकल असिस्टंट ४४ हजार. हे सगळं अलाइड हेल्थ. कॉलेजच्या कॅटलॉगमध्ये एकाच पानावर, एकाच फोटोखाली, त्याच निळ्या स्क्रब्जमध्ये हसणारी मुलं, आणि वरच्या आणि खालच्या टोकात दुपटीहून जास्त फरक! म्हणजे मुलगी "मला अलाइड हेल्थ करायचंय" म्हणाली तर अजून काहीच ठरलेलं नसतं, कुठला प्रोग्राम ते विचारल्याशिवाय हिशेबाला बसूच नका.

आता पालक काय करतात, तर कॉलेज स्कोअरकार्ड ही शिक्षण खात्याची वेबसाइट उघडतात. साइट चांगली आहे, मी स्वतः सगळ्यांना सांगते बघा म्हणून. २०१९ पासून तिथे कॉलेजच्या आतल्या एकेका विषयाची कमाई आणि कर्जही दिसतं. पण विषयांचे गट कसे पाडलेत ते कुणी बघत नाही. ५१.०९ नावाचा एक गट आहे, त्यात रेडिओग्राफी, रेस्पिरेटरी, सोनोग्राफी, सर्जिकल टेक्नॉलॉजी आणि पॅरामेडिक सगळे एकत्र. ५१.०८ मध्ये मेडिकल असिस्टंट आणि फिजिकल थेरपिस्ट असिस्टंट एकत्र. आता समजा एखाद्या कॉलेजात पॅरामेडिकची असोसिएट डिग्री घेणारे खूप आणि सोनोग्राफीचे मोजके, तर तिथे दिसणारा मधला आकडा हा मुख्यतः पॅरामेडिकचा असणार, आणि तुम्ही तो मुलाच्या सोनोग्राफीचा समजून "एवढ्याशा पगारासाठी कशाला" म्हणून सोडून देणार. किंवा उलटं होणार, मुलीला मेडिकल असिस्टिंगला घालणार आणि आकडा धरणार थेरपिस्ट असिस्टंटचा. शिवाय प्रोग्राम लहान असेल तर प्रायव्हसीसाठी आकडा दाखवतच नाहीत, आणि आमचे प्रोग्राम लहानच असतात, कारण हॉस्पिटलमध्ये जितक्या मुलांना शिकवता येतं तितक्याच सीट्स.

बीएलएसच्या आकड्यातही एक मेख आहे आणि ती डेंटल हायजिनला फार लागते. त्यांचा वार्षिक पगार म्हणजे साधारणपणे तासाचा दर गुणिले २,०८० तास, वर्षभर फुलटाइम धरून. पण हायजिनिस्ट खूप जणी पार्टटाइम असतात, दोन दिवस या ऑफिसात, दीड दिवस त्या, आणि पार्टटाइमला बरेचदा हेल्थ इन्शुरन्स नाही. नवऱ्याच्या नोकरीतून इन्शुरन्स असेल तर प्रश्न नाही, दर उत्तम आहे, आठवड्याचे तीन दिवस काम करून मुलांना शाळेतून आणायला वेळ मिळतो म्हणून कितीतरी जणी खूश आहेत. पण बावीस वर्षांचा एकटा मुलगा असेल तर ९४ हजार हा आकडा त्याच्या हातात तसाच पडेल असं समजू नका. स्कोअरकार्डचं याच्या उलट आहे, तिथे माणसाने खरोखर वर्षभरात जेवढे कमावले तेवढेच येतात, पार्टटाइम असेल तर पार्टटाइमचे. एकाच व्यवसायाचे दोन सरकारी आकडे जुळत नाहीत म्हणून लोक गोंधळतात, त्यातलं एक कारण हे.

आता कर्ज, आणि इथे मला जास्त बोलायचंय.

कॉलेज बोर्डाच्या हिशेबाने २०२४-२५ मध्ये पब्लिक कम्युनिटी कॉलेजची स्थानिक विद्यार्थ्याची छापील फी देशभरात सरासरी ४,०५० डॉलरच्या आसपास होती (आमच्या न्यू जर्सीत जास्त, कॅलिफोर्नियात खूप कमी). त्याच वर्षी पेल ग्रँट (कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना सरकारकडून मिळणारी, परत न करायची मदत) जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर. म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलाची नुसती ट्यूशन ग्रँटमध्येच भागते. मग कर्ज होतं कशाचं? होतं ते राहण्या-खाण्याचं, गाडीचं, आणि न कमावलेल्या पगाराचं. क्लिनिकल, म्हणजे हॉस्पिटलमधलं प्रत्यक्ष ट्रेनिंग, सकाळी सातला सुरू होतं, दिवसभर चालतं, बिनपगारी असतं, आणि कधीकधी हॉस्पिटल घरापासून चाळीस-पन्नास मैल असतं. त्या काळात दिवसाची नोकरी करताच येत नाही. दोन वर्षांची डिग्री म्हणतात पण आधी अ‍ॅनाटॉमी-फिजिओलॉजी, मॅथ, मेडिकल टर्मिनॉलॉजी अशा प्रीरेक्स (प्रवेशाआधी करावे लागणारे विषय), मग मोजक्या सीट्ससाठी स्पर्धा किंवा वेटिंग लिस्ट, त्यामुळे तीन वर्षं सहज होतात, काहींना त्याहून जास्त. डेंटल हायजिनला इन्स्ट्रुमेंट किटचेच हजारो डॉलर जातात. ज्या मुलीला लहान मूल आहे तिचा सगळ्यात मोठा खर्च तर डेकेअर, आणि बऱ्याच जणी ते क्रेडिट कार्डावर ढकलतात, मग स्टुडंट लोन शून्य दिसतं आणि कार्डावर डोंगर.

आणि नेमकं इथेच आपल्या घरांची ताकद आहे हो. आपली मुलं घरी राहू शकतात, गॅरेजमध्ये दुसरी गाडी असते, भारतातून सहा महिने आजी-आजोबा येतात. अमेरिकन मुलांना ज्याच्यासाठी कर्ज काढावं लागतं ते आपल्याकडे बरेचदा घरातच असतं. मग हीच डिग्री आपल्या मुलांना जवळजवळ बिनकर्जाची पडू शकते आणि तरी आपण चर्चाच करत नाही, कारण कम्युनिटी कॉलेज म्हटलं की आवाज खाली जातो! माझ्या ओळखीत असं घर आहे जिथे मुलाला स्वतःला हॉस्पिटलचं काम आवडत होतं, पण "लोकांना काय सांगायचं" म्हणून त्याला लांबच्या युनिव्हर्सिटीत पाठवलं, दोन वर्षांत तो परत आला, डिग्री नाही आणि लोन आहे. त्या आईचा फोन आला तेव्हा मला फार वाईट वाटलं, कारण ती रागावली होती मुलावर, आणि मुलाने पहिल्या दिवसापासून सांगितलं होतं त्याला काय हवंय ते.

कर्ज झेपतं की नाही याला एक मोजमाप आहे, ते पाठ करून ठेवा. बायडेन सरकारने २०२३ मध्ये जे फायनान्शियल व्हॅल्यू आणि गेनफुल एम्प्लॉयमेंटचे नियम केले त्यात साधारण असं होतं की डिग्रीनंतर कर्जाचे वर्षाचे हप्ते वर्षाच्या कमाईच्या ८ टक्क्यांच्या आत हवेत (किंवा जगण्यापुरतं बाजूला काढून उरलेल्या उत्पन्नाच्या २० टक्क्यांच्या आत). आता घ्या पेन्सिल. २०२४-२५ चा फेडरल अंडरग्रॅज्युएट लोनचा दर ६.५३ टक्के होता. त्या दराने दहा वर्षांत फेडायचे १२ हजार डॉलर म्हणजे महिन्याला साधारण १३६ डॉलर. मेडिकल असिस्टंटच्या ४४ हजारातही ते बसतं. पण समजा खासगी फॉर-प्रॉफिट कॉलेजात सगळं मिळून ४५ हजारांचं कर्ज झालं. महिन्याला साधारण ५१२, वर्षाला सहा हजारांच्या वर. एक्स-रे टेकच्या ७७ हजारांत ते कसंबसं ८ टक्क्यांत येतं, मेडिकल असिस्टंटच्या पगारात मात्र तेच १४ टक्के होतात. आणि यात सगळं लोन फेडरल दराने धरलंय, एवढी रक्कम झाली की बरेचदा त्यात प्रायव्हेट लोन असतं आणि त्याचा दर जास्त असू शकतो.

स्कोअरकार्डवरचं कर्ज बघताना हेही लक्षात ठेवा की तो मधला आकडा फक्त ज्यांनी फेडरल लोन घेतलं आणि डिग्री पूर्ण केली त्यांचा आहे. ज्यांनी लोन घेतलंच नाही ते त्यात नाहीत, प्रायव्हेट लोन नाही, आई-बाबांच्या नावावरचं पॅरेंट प्लस त्यात मिसळलेलं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, अर्ध्यात सोडलेले त्यात नाहीत. खरा फटका त्यांनाच बसतो, कारण लोन आहे आणि लायसन्स नाही.

म्हणून मी प्रत्येकाला सांगते की पगाराआधी पूर्ण करण्याचं प्रमाण विचारा. रेडिओग्राफीचे जेआरसीईआरटी या संस्थेची मान्यता असलेले प्रोग्राम असतील तर त्यांना किती जण कोर्स पूर्ण करतात, किती जण रजिस्ट्रीची (व्यवसायाच्या सर्टिफिकेटची) परीक्षा पहिल्या फटक्यात पास होतात, किती जणांना नोकरी लागते हे जाहीर करावंच लागतं, प्रोग्रामच्या वेबपेजवर असतं. मान्यतेचं नावही बघा, डेंटल हायजिनला कोडा, रेस्पिरेटरीला कोआर्क, फिजिकल थेरपिस्ट असिस्टंटला कॅप्टी. कॉलेज मान्यताप्राप्त आहे एवढ्यावर थांबू नका, प्रोग्राम मान्यताप्राप्त हवा, नाहीतर डिग्री हातात आणि परीक्षेलाच बसता येत नाही अशी वेळ येऊ शकते. कोरिंथियन कॉलेजेस ही फॉर-प्रॉफिट कॉलेजांची साखळी २०१५ मध्ये बंद पडली, त्यांच्या एव्हरेस्टसारख्या कॉलेजांत मेडिकल असिस्टिंगला किती मुलं होती, आणि २०२२ मध्ये सरकारला जवळपास साडेपाच लाख लोकांचं ५.८ अब्ज डॉलरचं कर्ज माफ करावं लागलं. कर्ज माफ झालं, त्या लोकांची मधली वर्षं कुणी परत दिली नाहीत.

जुलै २०२५ मध्ये जो मोठा कायदा (वन बिग ब्युटिफुल बिल) झाला त्यात डिग्री प्रोग्राम्सना कमाईची एक चाचणी लावलीये, १ जुलै २०२६ पासून. असोसिएट डिग्रीसाठी साधारण असं की पास होऊन चार वर्षांनी मुलांची मधली कमाई राज्यातल्या फक्त हायस्कूल झालेल्या २५ ते ३४ वयाच्या काम करणाऱ्यांपेक्षा कमी भरली, आणि तीनपैकी दोन वर्षं तसंच झालं, तर त्या प्रोग्रामला फेडरल लोन बंद. ठीक आहे, तळाचे प्रोग्राम यातून गळतील. पण या चाचणीत कर्ज बघतच नाहीत! म्हणजे एखादा प्रोग्राम सरकारी चाचणीत पास आहे याचा अर्थ तुमच्या मुलाचं कर्ज झेपेल असा होत नाही, ते तुम्हालाच ८ टक्क्यांच्या हिशेबाने बघायचंय.

एच-फोरवरच्या ताईंसाठी वेगळं लिहिते कारण तुमचा हिशेब वेगळा आहे आणि तो कुणीच सांगत नाही. एच-फोरवर शिकता येतं. फेडरल ग्रँट किंवा लोन मिळत नाही, त्याला सिटिझन किंवा ग्रीन कार्डसारखं स्टेटस लागतं. स्थानिक फी लागेल की परदेशी विद्यार्थ्याची हे राज्यावर आणि कॉलेजवर आहे, दोन्हीत कित्येक पट फरक पडू शकतो, म्हणून ते लेखी विचारून घ्या. आणि कमाईचा आकडा कितीही सुंदर असला तरी ईएडी (काम करण्याचा परवाना) नसेल तर तुमच्यासाठी तो शून्य आहे. एच-फोरला ईएडी २०१५ पासून मिळतं पण मुख्यतः नवऱ्याचा (किंवा बायकोचा) आय-१४० (कंपनीने भरलेला ग्रीन कार्डचा अर्ज) मंजूर असेल तरच. तो व्हायच्या आधी कर्ज काढून डिग्री करू नका असं माझं स्पष्ट मत आहे, प्रीरेक्स एकेक करत राहा, ते वाया जात नाहीत, फक्त काही कॉलेजं सायन्सचे क्रेडिट पाच-सात वर्षांपर्यंतच धरतात तेवढं बघा. ज्यांची मुलंही एच-फोरवर आहेत त्यांना २१ वर्षांची मर्यादा माहीतच आहे (त्या वयाला मुलांचं एच-फोर संपतं), तीन वर्षांचा प्रोग्राम त्या वाढदिवसाच्या कुठल्या बाजूला संपतो ते आधी कॅलेंडरवर मांडा.

महाराष्ट्रातून बीडीएस, बीपीटी, बीएचएमएस करून आलेल्या कितीतरी मुली इथे घरी बसल्यात. त्यांना कोणी सांगत नाही की त्यांच्या जुन्या मार्कशीटचं इव्हॅल्युएशन करून काही प्रीरेक्स माफ होऊ शकतात, किंवा फ्लोरिडासारख्या राज्यात परदेशी डेंटिस्टला हायजिनच्या लायसन्सचा रस्ता आहे. डॉक्टरकी केलेल्या मुलीने टेक्निशियन का व्हायचं असा प्रश्न येतो, मला कळतं त्यातलं दुखणं. पण तो निर्णय तिचा आहे, आणि तो तिने आकडे समोर ठेवून घ्यावा, सासरच्या किंवा मंडळातल्या कुणाच्या चेहऱ्याकडे बघून नव्हे.

वरच्या मर्यादेबद्दलही खरं सांगायला हवं. आमचा पगार सुरुवातीला चांगला वाटतो पण नंतर हळू वाढतो, दहा वर्षांनी इंजिनिअर भावाशी तुलना केली तर अंतर दिसतं. पाठ, खांदे दुखतात, सोनोग्राफरचे तर जास्तच. रात्रपाळी असते, दिवाळीलाही ड्यूटी लागते. वाढीच्या वाटा आहेत, एक्स-रे झाल्यावर सीटी किंवा एमआरआयचं सर्टिफिकेशन, नोकरी करत ऑनलाइन बॅचलर्स, आणि कंपनी शिक्षणासाठी वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत टॅक्सशिवाय देऊ शकते, बरीच हॉस्पिटलं अशी मदत देतात. हॉस्पिटल नॉनप्रॉफिट असेल तर १२० पात्र हप्त्यांनंतर उरलेलं फेडरल लोन माफ होण्याची पीएसएलएफ योजना आहे. या गोष्टी नोकरी घेताना विचारायच्या असतात आणि आपली मुलं विचारत नाहीत, कारण त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

तर कार्यकारिणीतल्या मंडळींनो, तासाभराचा स्लॉट द्या. त्यात मोटिव्हेशनल भाषण नको. मंडळातच शोधा, एखादी हायजिनिस्ट, एखादा रेस्पिरेटरी थेरपिस्ट, एखादी लॅबवाली नक्की सापडेल, ते पुढे येत नाहीत कारण त्यांना कधी बोलावलेलंच नसतं. त्यांना त्यांच्या पहिल्या वर्षाचा तासाचा दर आणि एकूण खर्च बोर्डावर लिहू द्या. जवळच्या कम्युनिटी कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसमधल्या कुणाला तरी बोलवा, ते बहुतेक आनंदाने येतात. पालकांना लॅपटॉप आणायला सांगा आणि तिथेच बसून आपापल्या काउंटीच्या कॉलेजचा एकेक प्रोग्राम उघडा, किती पूर्ण करतात, कर्ज किती, ८ टक्क्यांत बसतं का. आणि ज्या मुलांनी हा रस्ता आधीच धरलाय त्यांची नावं गुणगौरवाच्या यादीत घाला, युनिव्हर्सिटीत गेलेल्यांच्या बरोबरीने, खाली वेगळी ओळ करून नव्हे.

न्यू जर्सी, न्यूयॉर्क, फिलाडेल्फियाच्या मंडळांकडे मी स्वतः यायला तयार आहे, लांबच्यांसाठी झूमवर येईन. माझी वीकेंडची शिफ्ट महिनाभर आधी ठरते, तेवढी तारीख लवकर कळवा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
न्यू जर्सीतली एक एक्स-रे टेक